उभ्या गाडीचं तेल

तेल काळं निघालं. जॅकवर चढवलेल्या गाडीखालच्या टबात त्याची धार पडत होती आणि श्यामकांतराव कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होते.

"हे माझं तेल नाही," त्यांनी जाहीर केलं.

त्यांचं तेल म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. बावीस वर्षांच्या गाडीला कोणतं तेल घालावं, यावर त्यांनी तीन आठवडे अभ्यास केला होता. त्या अभ्यासातून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चौदा लांबलचक मेसेज पडले आणि दोन माणसं ग्रुप सोडून गेली. मेकॅनिक शिवदासने सेमी-सिंथेटिक सुचवलं होतं. "पातळ तेल? जुन्या इंजिनाला?" श्यामकांतरावांनी अशा सुरात विचारलं, जणू त्याने इंजिनात ताक ओतायला सांगितलं होतं. शेवटी ट्वेंटी-डब्ल्यू-फिफ्टी ठरलं. जाड, मिनरल, सीलबंद डबा, स्वतः दुकानात जाऊन आणलेला. आणि बदलायचं केव्हा, तर पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते.

त्यांच्या बाबतीत नेहमी सहा महिनेच आधी यायचे. गाडी मुलुंडला त्यांच्या बिल्डिंगखाली उभी असायची. उभं राहणं आणि पार्किंगची जागा अडवून धरणं, हेच तिचं मुख्य काम. सोमवार ते शनिवार श्यामकांतराव अंधेरीच्या ऑफिसात असत; सकाळी आठला निघत, रात्री आठला येत. रविवारी कव्हर काढून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, काचा पुसायच्या, पुन्हा कव्हर. किलोमीटरचं मीटर वर्षापूर्वी बंद पडलं, ते त्यांनी दुरुस्तही केलं नाही. न चालणाऱ्या गाडीचं मोजायचं काय?

तेलाला ते इतके जपत की शुभाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, थोरल्या बहिणीचं डायलिसिस सुरू झालं तेव्हाही ते डळमळले नाहीत. कमलताई भांडुपला एकट्या राहत. शुभाने आडून आडून गाडीचा विषय काढून पाहिला. जुनं इंजिन छोट्या फेऱ्यांत धड तापत नाही आणि तेलाची पार वाट लागते, हे श्यामकांतरावांनी तिला कागदावर आकृती काढून समजावलं. कमलताईंचं त्यांना वाईट वाटलंच. तसं ते दोनदा म्हणालेही. शुभा "बरं" म्हणाली. बायकोचा हा गुण त्यांना फार आवडायचा.

आज ती सोबत आली होती. पुढे बाजारात जायचं होतं म्हणून पिशव्या मांडीवर घेऊन गॅरेजच्या दाराशी स्टुलावर बसली होती.

"उभ्या गाडीचं तेल सहा महिन्यांत असं काळं होतं का रे?" श्यामकांतरावांनी शिवदासला विचारलं. "मागच्या वेळी मला मीटिंग होती. डबा तुझ्या हातात दिला आणि गेलो. तू माझा डबा विकलास आणि इंजिनात कुणाचं तरी जुनं तेल ओतलंस. बरोबर ना?"

"नाही साहेब. तुमचंच तेल टाकलं होतं."

"मग काळं कसं झालं? सांग ना."

शिवदास हातातल्या फडक्याने आधीच पुसलेला पाना पुन्हा पुसू लागला. गप्प बसतो तो चोर, हे श्यामकांतरावांचं ऑफिसातलं ठाम मत होतं, आणि त्या मताने त्यांना आजवर कधी दगा दिला नव्हता. निदान त्यांच्या कानावर तसं कुणी घातलं नव्हतं.

त्यांनी मोबाइल काढला. टबातल्या तेलाचा फोटो घेतला, मग शिवदासचा आणि त्याच्या पाटीचा. आणि सोसायटीच्या ग्रुपसाठी मेसेज मोठ्याने वाचत टाइप करू लागले. "सावधान. शिवदास गॅरेज. ग्राहकांचं तेल चोरतात. पुराव्यासहित."

चौऱ्याऐंशी फ्लॅटची सोसायटी. शिवदासच्या निम्म्या गाड्या तिथूनच यायच्या. सतरा वर्षं जपलेलं नाव आता त्या एका बोटाखाली होतं. त्याचा चेहरा उतरला. त्याने एकदाच शुभाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

शुभा उठली. पिशव्या स्टुलावर ठेवून ती पुढे आली आणि तिने नवऱ्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. असं ती पहिल्यांदाच करत होती.

"तो चोर नाही," ती म्हणाली. "मी शपथ घातलीय म्हणून तो गप्प आहे."

"कसली शपथ?"

"गाडी मी चालवते. लायसन्स मार्चमध्ये काढलं. जेवढं पेट्रोल जाळते तेवढं परत भरते, कव्हर होतं तसं घालते. ब्रेकही याच्याकडूनच करून घेतले. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे."

श्यामकांतरावांनी टबाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, शिवदासकडे पाहिलं. शिवदास पाना पुसत होता.

"अगं, पण तू जातेस कुठे?"

शुभाचा आवाज चढला नाही. ती चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"कमलताई आठवड्यातून तीनदा घाटकोपरला डायलिसिसला जाते," ती म्हणाली. "सहा महिन्यांत तुम्ही एकदा तरी विचारलंत का, ती जाते कशी?"