अस्सल सालेपी

“हे ते नव्हे गं.” आईनं एक घोट घेतला आणि कप फोटिनीच्या हातात परत दिला.

फोटिनी अगदी रडकुंडीला आली. हिवाळा लागल्यापासून म्हातारीची अन्नावरची वासनाच उडाली होती. पाव नको, सूप नको. “तुझ्या बापाच्या हातच्यासारखी सालेपी मिळाली तर घेईन,” एवढंच म्हणायची. बाप लाझारोस ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या बंदरावर पितळी बंब घेऊन सालेपी, म्हणजे ऑर्किडच्या कंदाच्या पुडीचं गरम, दाटसर पेय, विकायचा. त्याला जाऊन वर्षं लोटली. फोटिनीनं डोंगरातल्या ऑर्किडचे कंद मिळवले, स्वतः कुटले, पाण्यात घोटून शिजवले. पण ती चव काही येईना. आपल्याच हाताला गुण नाही, असं म्हणून ती मोरीपाशी उभी राहून रडायची.

तिची नोकरी अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. कुठल्या पुडीत खरोखर कुठली वनस्पती आहे, ते डीएनएवरून ओळखायचं. भेसळवाला तिच्या हातून सुटायचा नाही. “माझा बाप गरीब होता, पण त्यानं कुणाच्या कपात खोटं घातलं नाही,” हे ती येताजाता ऐकवायची, कामावरही आणि घरीही.

त्या दिवशी एका हातगाडीवाल्याची सालेपी तपासून झाली. ऑर्किडचा मागमूस नाही. निव्वळ मका.

“अहो, अर्धं बंदर हेच पितं,” सोबतचा पाश्चालिस म्हणाला. पाकिटात उरलेली पूड त्यानं चहाच्या खोलीत नेऊन शिजवली, वर साखर आणि सुंठ घातली. “घ्या बाईसाहेब, एकदा चोराघरचंही पिऊन बघा.”

फोटिनीनं घोट घेतला. बंदरावरचा बोचरा वारा, बंबाची धग, बापाच्या कोटाचा वास, सगळं तिच्या जिभेवर आलं.

“काय झालं?”

“काही नाही. तोंड भाजलं.” अहवालावर तिनं सही केली, कधी नव्हे ती वेडीवाकडी.

घरी जाताना तिनं मक्याचं पीठ घेतलं. वाटभर तिला बापाचा संताप येत होता, आणि तो आत्ता समोर हवा होता असंही वाटत होतं.

आईनं कप दोन्ही हातांत धरला तो रिकामा होईपर्यंत सोडला नाही. तळाचं बोटानं निपटून खाल्लं. “हीच गं बाई,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

फोटिनीला गप्प बसवेना. “आई, यात कंद नाही. नुसता मका आहे. बाबा लोकांना फसवत होते.”

“ठाऊक आहे. मीच दळून, वस्त्रगाळ करून द्यायचे.” आईनं आणखी हवं म्हणून कप पुढे केला. “पण तू भेसळ पकडायच्या नोकरीला लागलीस. मग तुझ्याकडे मका मागायचा तरी कसा?”