चाळीस मजकूर

चाचणीच्या फाइलमध्ये चाळीस मजकूर होते. त्यांत तीनशे अठरा अवतरणचिन्हं आणि सत्तावन्न बॅकस्लॅश, म्हणजे उलट्या तिरप्या रेघा. एकेक मजकूर त्याने वेचून आणला होता, तो एकाच कामासाठी. धाकट्या बहिणीची पद्धत मोडायची.

प्रोग्रामिंगची नवी भाषा घडत होती. तीत मजकूर जसाच्या तसा लिहायची सोय हवी होती. मधल्या कुठल्याही चिन्हाला भाषेने आज्ञा समजू नये. त्याची पद्धत अशी: एक शब्द निवडा, तो लिहून कंस उघडा, मजकूर लिहा, कंस मिटवा, तोच शब्द पुन्हा लिहा. धाकटीची सुटसुटीत. आत सलग जितकी अवतरणचिन्हं, त्याहून एक जास्त बाहेर द्या, दोन्हीकडे सारखी. कच्च्या आवृत्तीत दोन्ही चालत होत्या; चाचणीची फाइलही त्याच भाषेत लिहिलेली, प्रत्येक मजकूर या ना त्या पद्धतीत. आज एकच ठेवायची होती.

तिला इथे नोकरीला त्यानेच चिकटवलं होतं. आता सगळे तिच्याच टेबलाभोवती. गेल्या बैठकीत ती म्हणाली होती, “दादा, तुझ्या पद्धतीत दोन शब्द लिहायचे तर आधी अर्ज भरावा लागतो!” सगळे पोट धरून हसले. तोही हसला. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

त्याने चाचणी सुरू केली. प्रोग्राम एकेक मजकूर उचलून दोन्ही पद्धतींत घालून बघू लागला. तिच्या पद्धतीतून एकोणचाळीस सुखरूप सुटले. चाळिसावा अडकला. तो अवतरणचिन्हानेच सुरू होत होता. बाहेरची चिन्हं कुठे संपली, हेच भाषेला कळेना.

“माझ्यात चाळीसच्या चाळीस बसतात,” तो म्हणाला.

“खरंय, दादा.” धाकटीचा चेहरा उतरला. “हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

त्याच्या जिवाला थंडावा मिळाला.

गटाच्या प्रमुख बाईंनी चष्मा लावला आणि त्याची फाइल वरपासून खाली वाचत गेल्या. मध्येच पुन्हा वर गेल्या.

“हे सगळं तूच टाइप केलंस?”

“अक्षर न् अक्षर, बाई. आठ दिवस लागले.”

“मग टाइप करताना कुठली पद्धत वापरलीस?”

त्याने पडद्याकडे पाहिलं. बाईंनी खडू उचलला आणि मोजून फळ्यावर लिहिलं: धाकटीच्या पद्धतीने एकोणचाळीस, दादाच्या पद्धतीने एक.