साडेतेरा हजार किलोमीटर

“आता आपण कुठे आहोत?” भक्तीने झोपाळ्यावरून विचारलं.

हितेशने मोबाइलवर विमानाचा नकाशा पाहिला. “प्रशांत महासागरावर. मुंबईला अजून नऊ तास.”

“मग मी डुंबून येते,” म्हणत ती किहीमच्या समुद्राकडे निघाली.

सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा तास. हितेशने हे आकडे पाठच करून टाकले होते, कारण सासरे विचारणारच. माहेरी सांगितलेलं विमान आजचं होतं; खरं तर दोघं चार दिवसांपूर्वीच उतरली होती. लग्नाला दोन वर्षं झाली, पण धड एक सुट्टी नाही. आणि तिच्या माहेरी, किहीमपासून तासाभरावरच्या खारेपाटात, एकदा पाऊल टाकलं की अख्खं गाव जावई बघायला लोटणार. म्हणून आधी चार दिवस किहीम.

दयारामांना हे कळलं असतं तर मात्र खैर नव्हती. पोरगी देशात आली आणि आधी बापाच्या उंबऱ्याशी आली नाही, एवढ्यावर त्यांनी जन्माचा अबोला धरला असता. हितेशला त्या माणसाची मनापासून धास्ती होती. कॉटेज सांभाळणाऱ्या चांगदेवने पहिल्याच दिवशी “ताई हिकडच्याच का?” असं विचारलं, तेव्हा हितेशनेच घाईघाईने “पुण्याच्या” म्हणून टाकलं होतं.

भक्ती पाण्यात असतानाच चांगदेवने जेवण आणलं. ताटात माशाचं भलंमोठं डोकं होतं.

“हे मागवलं नव्हतं.”

“खावा हो. घरचाच हाय.”

हितेशने बोटं चाटत फडशा पाडला. चांगदेवने त्याचे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बॅगांवर विमानाच्या चिठ्ठ्या मिरवत माहेरी पोचली. दयारामांनी लगेच चौकशी मांडली.

“किती तास लागलं?”

“सोळा.” हितेशने जांभई दिली.

“मधी कुटं उतरलं न्हाय?”

“छे, थेट मुंबई. काल तिथेच मुक्काम केला, सकाळच्या रो-रो बोटीने आलो.”

“नाक सोललंय तुमचं.”

हितेश गडबडला. “विमानात... खिडकीशी बसलो होतो.”

“आसंल,” दयाराम म्हणाले. “तितं सूर्य जवल पडतो.”

भक्तीने हसू आवरायला पदर नसल्यामुळे खोकून घेतलं. सुटलो एकदाचे, असं हितेशला वाटलं.

जेवायला घरच्या तळ्यातला जितडा मासा होता, लग्नापासून दोन वर्षं खास जावयासाठी पोसलेला. बायजाबाईंनी हितेशच्या ताटात मधल्या तुकड्या वाढल्या.

“आई, हे काय?” भक्ती रुसली. “डोकं कुठाय? तो जावयाचा मान ना?”

बायजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दयाराम शांतपणे भात कालवत होते.

“जितड्याला डोकं येकच आसतं, बाय. ते काल किहीमला धाडलं, आपल्या चांगदेवच्या हाती. कसं लागलं, जावयबापू?”