मधला एक दिवस

बदनापूरजवळच्या एका बियाणे कंपनीत पुष्पाबाई अठरा वर्षं कॉम्प्युटरवर काम करत होत्या. कायम करावं लागू नये म्हणून कंपनी दर अकरा महिन्यांनी त्यांना एक दिवस कामावरून कमी करी आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं घेई.

यंदा नेमका त्याच दिवशी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सोमेश्वरचा फोन आला.

“मावशी, सगळे कॉम्प्युटर कंपनीच्या नव्या नोंदणीत घेऊन राह्यलो. मंग कोणी कॉम्प्युटर पुसून कोरा केला तरी चालू होताच तो परत कंपनीलाच जोडला जातो. तुमच्या कॉम्प्युटरला मंजुरीसाठी तुमचाच अंगठा लागतो. जल्दी या.”

“म्हणजे कोरा केल्यावरबी कंपनी त्याला विसरत न्हाई?”

“बिलकुल न्हाई.”

पुष्पाबाईंनी निवांत चहा संपवला.



“आज मी तुमची कोणीच न्हाई, सोमेश्वर. माझी कायमची ऑर्डर घेऊन ये, अंगठा घरीच आहे.”