टक्क्याविना गोळी

फेफरं येऊन बुधी दोनदा चुलीवर पडली, तरी तिला गोळी मिळेना. रक्त तपासून औषध लागू पडण्याचा टक्का दवाखान्यातलं यंत्र सांगायचं, आणि टक्क्याशिवाय औषध द्यायला बंदी होती.

"यंत्र तुमचा टक्काच देत नाही. तुमच्यासारखं कुणी त्याला सापडत नाही," डॉक्टर साळकरबाई म्हणाल्या.

बुधी गोंधळली. "अख्खा पाडा माझ्यासारखाच आहे की, बाई!"

"पाड्यातल्या कुणाचं रक्त त्यानं पाहिलंच नाही. अंदाज बांधणार कशावरून?"

शेवटी बाईंनी स्वतःच औषधांचं कपाट उघडलं. "अर्ध्या गोळीपासून सुरू करू. दहा दिवस माझ्या नजरेसमोर राहा."

दहा दिवसांत एकदाही फेफरं आलं नाही. बुधी घरी निघाली, तेव्हा बाई नियम मोडल्याचा खुलासा लिहीत बसल्या होत्या. माणूस बरं केल्याचा खुलासा कुणाला कशासाठी द्यायचा, हे बुधीला काही केल्या उमगेना.