माझ्या भाताची पेज

संशोधक बाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ‘शिंका थांबल्या का? कुणालाच गुण नसेल, तर हे वाण सोडून देऊ.’ जनुकं बदललेल्या त्यांच्या तांदळात गाजरगवताच्या परागांचा अंश होता. खाऊन शरीराला त्याची सवय व्हायची. त्यांच्या प्रयोगासाठी मी रोज तो भात खाऊनही शिंकत होतो. माझंच काही चुकत असेल.

आज बाहेर गाजरगवत फुललेलं. मी बेजार, बायको मात्र शांत.

“तू नाही शिंकत?”

“यंदा नाही बाई. इतकी वर्षं दिली ना साथ!”

तिनं माझ्या वेगळ्या शिजवलेल्या भाताची पेज निथळून घेतली आणि मीठ टाकून प्यायली.

“रोज पितेस?”

“मग! फुकट कशाला घालवू?”

मी लिहिलं, ‘पत्नीच्या शिंका थांबल्या. गुण बहुधा पेजेत उतरतो.’ पुन्हा स्वतःचीच शंका यायच्या आत पाकीट टपालपेटीत टाकलं.