धोंडुबाईची गाडी

धोंडुबाईने सुतार लावला नाही. भंगारातली चाकं, मिठागरावरच्या फळ्या आणून वड्यांची गाडी स्वतः ठोकली. सून नमिता म्हणालीच होती, “आई, हिच्याकडं कुत्रंपन बघनार नाय.”

पहिल्याच सकाळी धाटावच्या नाक्यावर शिफ्टची बस आली. माणसं उतरली, गाडीपुढे चपला काढल्या, हात जोडले, ताटलीत नाणं टाकलं आणि कंपनीकडे चालू पडली. वडा कुणी मागेना. दुसऱ्या बसचीही तीच तऱ्हा.

“मेल्यांनो, वडं खावा की!” धोंडुबाई खेकसली. तर एकाने वडा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि घरच्यांसाठी रुमालात बांधला. तिची मतीच गुंग झाली. तोंडाला काही लागलंय की काय, म्हणून तिने ताटाच्या पाठीत तोंड पाहिलं.

तेवढ्यात नमिता चहा घेऊन आली आणि पोट धरून हसत सुटली. “अवो आई, छप्पर म्हनून पेन गावच्या मूर्तींच्या कारखान्यानं टाकलेलं गनपतीचं मखर ठोकलंव तुमी! लोकांना वाटतं देवाची गाडी आली. काढा ते आधी.”

धोंडुबाईने वर पाहिलं, मग डोक्यावरचा पदर नीट केला.

“काढू कशाला? मखरात बसलीय कोन, मीच ना? तू पयली चपला काढ गो.”